छापा, घाला, धाड: अवचित हल्ल्याच्या शब्दांचा आढावा

मराठी वर्तमानपत्र उघडले की अवचित हल्ल्याचे तीन-चार शब्द एकाच पानावर भेटतात. 'बांधकाम व्यावसायिकाच्या कार्यालयांवर आयकर विभागाचे छापे.' 'देवदर्शनाहून परतणाऱ्या कुटुंबावर काळाचा घाला.' 'सराफाच्या घरी दरोडा.' बातमी सीमेवरची असेल तर 'भ्याड हल्ला'. चारही ठिकाणी घडते ते मुळात एकच. कोणीतरी बेसावध असतो आणि त्याला तसेच गाठले जाते. तरीही एका शब्दाच्या जागी दुसरा बसत नाही. आयकर अधिकारी दरोडा घालत नाहीत, काळ छापा टाकत नाही, आणि आपल्या जवानांनी मध्यरात्री केलेल्या कारवाईला आपण भ्याड म्हणत नाही.

गेल्या साडेतीनशे-चारशे वर्षांत मराठी मुलखाने असे हल्ले पुष्कळ केले आणि पुष्कळ सोसलेही. भाषेने दोन्ही अनुभव जपून ठेवले आहेत, पण वेगवेगळ्या शब्दांत. काही शब्द चालून जाणाऱ्याच्या तोंडचे आहेत, काही ज्याच्यावर चालून आले त्याच्या. या शब्दांचा अर्थ आणि साहित्यातला वापर एकत्र पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. इतिहास चालून जाणाऱ्याच्या बाजूने लिहिला गेला, आणि झोपेत गाठल्या गेलेल्यांची बाजू बहुतेक वेळा बोलीभाषेने, अंगाईने आणि आत्मकथनाने सांभाळली. ही दुसरी बाजूही आपल्याच शब्दभांडाराचा भाग आहे, हे मला या आढाव्यात मांडायचे आहे.

पडते ती धाड

सुरुवात क्रियापदांपासून करू. छापा घालतात, टाकतात, मारतात. छापा पडतोही, पण तो कोणी टाकला हे वाक्यात बहुधा येतेच. धाडीचे तसे नाही. 'गावावर धाड पडली' एवढे म्हटले की वाक्य पुरे होते. कोणाची धाड, कुठून आली, हे ज्याचे घर लुटले गेले त्याला त्या क्षणी ठाऊक नसते आणि त्याला त्याचे महत्त्वही नसते. पाऊस पडावा, वीज पडावी, तशी धाड पडते. संस्कृतात 'धाटी' म्हणजे चाल, हल्ला. प्राकृतातून ती आपल्याकडे 'धाड' होऊन आली आणि इथे संकटाच्या रांगेत जाऊन बसली.

म्हणूनच सेनापती नसलेल्या सैन्यालाही हा शब्द चालतो. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत टोळांचे थवे उतरले, तेव्हा विदर्भातला शेतकरी थाळ्या, डबे, ढोल वाजवत शेतात उभा राहिला. बातम्यांत शब्द होता 'टोळधाड'. टोळाला वैर ठाऊक नाही, तो फक्त भुकेला असतो. पण संत्र्याच्या बागेवर तो उतरतो तेव्हा बागवाल्याला दिसते ती धाडच.

घरात तर हा शब्द आणखी खोल शिरला आहे. ताट पुढे ठेवले तरी न जेवणाऱ्या, कारण न सांगता कोपऱ्यात बसून राहिलेल्या नातवाला माझी आजी विचारायची, "काय धाड भरलीय रे तुला?" आजीने आयुष्यात लुटारूंची टोळी पाहिली नव्हती. तिच्या आजीनेही बहुधा नसेल. पण घोड्यांच्या टापा ऐकून माणसे धान्य पुरायला धावत तो काळ या एका शब्दात साठून राहिला होता, आणि मुलाला काय झाले ते कळेना की तोच ओठांवर येई. धाड म्हणजे न कळता आत शिरलेले काहीतरी. आजाराला, रागाला, दुःखाला हे नाव कोशकारांनी दिलेले नाही. बायकांनी चुलीशी बसून दिले आहे.

'घाला'ही याच घरातला. 'घालणे' या साध्या क्रियापदापासून तो झाला. दरोडेखोर घाला घालतात, पण आजच्या मराठीत तो सर्वांत जास्त भेटतो 'काळाचा घाला' या जोडीत, तोही अपघाताच्या बातमीत. गाडी कोणाची, चूक कोणाची, रस्त्याचा खड्डा कोणी बुजवला नाही, हे सगळे त्या मथळ्यात मागे पडते आणि उरतो तो एक अदृश्य हल्लेखोर. बातमीदाराने हा शब्द विचारपूर्वक वापरावा असे मला वाटते, कारण बऱ्याच अपघातांत घाला काळाने घातलेला नसतो. पण शोक करणाऱ्या घराला तो शब्द आधार देतो, हेही खरे. समोर कोणी दिसत नसताना कोणाकडे बोट दाखवायचे, याचे ते उत्तर आहे.

शिकारीचे शब्द, आणि गुपचूप नसलेला हल्ला

चालून जाणाऱ्याच्या बाजूचे शब्द पाहिले तर त्यांतले पुष्कळ शिकारीतून आलेले दिसतात. दबा धरणे, टपून बसणे, झडप घालणे हा वाघ, मांजर आणि ससाण्याचा क्रम आहे. आधी अंग दाबून जमिनीशी एकरूप व्हायचे, मग नजर न हलवता वाट पाहायची, मग एका क्षणात अंतर संपवायचे. खिंडीत लपलेल्या मावळ्यांचे वर्णन करायला मराठीला वेगळी परिभाषा घडवावी लागली नाही. रानातली भाषाच पुरली.

'छापा'ची गोष्ट निराळी. छापणे म्हणजे दाबून उमटवणे. वारकऱ्याच्या आणि वैष्णवाच्या अंगावर गोपीचंदनाचा छापा असतो, उंबऱ्यापुढे रांगोळीचा असतो, नाणे उडवताना छापा की काटा असे विचारतात, आणि पुस्तके छापखान्यात छापतात. त्याच शब्दाने रात्रीचा हल्ला का सांगावा? मला त्यामागे एक चित्र दिसते. ठसा हळूहळू काढला जात नाही. तो एकदम, सगळाच्या सगळा उतरतो, क्षणभर दाबतो आणि उचलला जातो. हात निघून गेल्यावर खूण तेवढी राहते. चांगल्या छाप्याचे वर्णन याहून नेमके करता येणार नाही. मुक्काम करायचा नाही, जमीन धरून ठेवायची नाही, खूण उमटवून परतायचे.

याच्या उलट टोकाला 'हल्ला' आहे. हिंदीत हल्ला म्हणजे आजही गलका, आरडाओरड. मराठीत त्याचा अर्थ चाल असा पक्का झाला, तरी त्या शब्दात आवाज शिल्लक आहे. हल्ला गर्जना करून होतो, छापा श्वास रोखून. मैदानावर हा फरक आपण रोज पाहतो. कबड्डीत चढाईला जाणाऱ्या गड्याला दम सोडता येत नाही. प्रतिपक्षाच्या हद्दीत असेपर्यंत 'कबड्डी, कबड्डी' ऐकू येत राहिलेच पाहिजे, नाहीतर तो बाद. आपण कधी आलो, कुठे आहोत, हे सतत सांगत राहण्याची अट घालून लोकांनी हल्ल्याचा खेळ केला. चोरपावलांनी जाण्याची मुभा त्यात ठेवली नाही.

शत्रूने दिलेले नाव

या सगळ्या शब्दांत मराठी माणसाला सर्वांत प्रिय आहे 'गनिमी कावा'. त्याची व्युत्पत्ती पाहिली की थांबून विचार करावा लागतो. 'गनीम' हा अरबी-फारशीतून आलेला शब्द. त्याचे नाते लुटीशी आहे. 'गनीमत' म्हणजे युद्धात हाती आलेली लूट, आणि गनीम म्हणजे शत्रू, लुटारू. मोगल लेखक आणि दरबारी बातमीपत्रे मराठ्यांना सर्रास गनीम म्हणत. म्हणजे ज्या युद्धपद्धतीचा आपण अभिमान बाळगतो तिच्या नावातच आपल्याकडे पाहणाऱ्या परक्याची नजर आहे. मराठ्यांनी ते नाव नाकारले नाही. शत्रूला उद्देशून त्यांनीही 'गनीम' वापरला, आणि 'गनिमी' हे विशेषण मात्र स्वतःच्या डावपेचाला लावून मानाने मिरवले.

'कावा'चे मूळ घोड्याशी आहे. घोड्याला गोल फिरवणे, चक्कर देऊन वळवणे म्हणजे कावा. त्यावरून डाव, हुलकावणी, आणि पुढे 'कावेबाज' हा धूर्त माणसासाठीचा शब्द. मूळ चित्र मनात आणून पाहावे. स्वार शत्रूच्या अंगावर जातो, जवळ पोचताच घोडा वळवतो, शत्रू पाठलागाला निघतो, त्याची रांग विस्कटते आणि स्वार पुन्हा वळतो. आज 'कावा' म्हटले की आपल्याला मनातली चाल आठवते. तेव्हा तो घोड्याच्या चार पायांनी जमिनीवर काढलेला वर्तुळाकार माग होता.

ही पद्धत दख्खनच्या मातीत शिवकालाच्या आधीपासून होती. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, मूळचा हबशी गुलाम, १६२६ मध्ये वारला. त्याने मराठा स्वारांच्या बळावर मोगलांना वर्षानुवर्षे जेरीस आणले, आणि मोगलांच्या फारशी लिखाणात या पद्धतीला 'बर्गीगिरी' असे नाव पडले. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला त्याने तलावाचा बांध फोडला, चिखलात रुतलेल्या मोगल आणि आदिलशाही छावणीला रात्रीच्या छाप्यांनी झोपू दिले नाही, आणि मग निर्णायक चाल केली. शहाजीराजे तिथे त्याच्या बाजूने लढले. शिवाजी महाराजांना वारशात मिळालेल्या युद्धविद्येचा हा एक धडा होता.

महाराजांनी या विद्येला नकाशाची आणि शिस्तीची जोड दिली. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शाइस्ताखानाचा सरदार कारतलबखान कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरत होता. उंबरखिंडीच्या दाट रानात त्याची फौज अडकली. पुढे वाट नाही, मागे वाट नाही, पाणी नाही. माहूरची रायबागन त्याच्याबरोबर होती. तिने शरण जाण्याचा सल्ला दिला. खंडणी घेऊन महाराजांनी फौजेला जाऊ दिले. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त या प्रसंगाचे तपशीलवार वर्णन आहे. हा साहित्यातला दबा आहे, आणि त्याचा शेवट कत्तलीने होत नाही.

दोन वर्षांनी, ५ एप्रिल १६६३ च्या रात्री, शाइस्ताखान राहत होता त्या लाल महालावर छापा झाला. महिना रमजानचा. दिवसभराच्या उपवासानंतर छावणी सुस्तावलेली होती. मुदपाकखान्याकडून भिंत फोडून माणसे आत शिरली. खानाची बोटे तुटली, त्याचा मुलगा अबुल फत्ह मारला गेला. पुढे औरंगजेबाने आपल्या या मामाची बंगालला बदली केली. आपण ही गोष्ट लहानपणापासून ऐकतो ती तुटलेल्या बोटांची गोष्ट म्हणून. त्या अंधारात जनान्यातल्या बायकाही सापडल्या, असे मोगल बाजूच्या नोंदी सांगतात. आपल्या कथनात त्या फारशा येत नाहीत. महाराजांची थोरवी त्या नोंदीने उणावत नाही. बलाढ्य साम्राज्याची फौज त्यांच्या स्वतःच्या घरात ठाण मांडून बसली असताना त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. पण छाप्याचा अंधार कोणालाच निवडून मारू देत नाही, ही गोष्ट त्या रात्रीच्या पूर्ण चित्रात असायला हवी.

फारशी आणि उर्दूने हा अंधार थेट शब्दातच ठेवला आहे. रात्रीच्या छाप्याला तिथे 'शबखून' म्हणतात. शब म्हणजे रात्र आणि खून म्हणजे रक्त. शम्सुर्रहमान फारुकी यांनी १९६६ मध्ये अलाहाबादेतून आधुनिक उर्दू साहित्याचे मासिक सुरू केले, त्याचे नाव हेच होते. प्रस्थापित अभिरुचीवरचा रात्रीचा हल्ला, असे त्या नावात मला ऐकू येते. हिंदीने 'छापामार युद्ध' केले. युरोपात १८०८ नंतर नेपोलियनविरुद्ध स्पेनच्या गावकऱ्यांनी केलेल्या लढाईतून 'गेरिला' हा शब्द पसरला. त्याचा मूळ अर्थ 'छोटे युद्ध'. स्पॅनिश माणसाने युद्धाचा आकार पाहिला, फारशी माणसाने रक्त पाहिले, मराठी माणसाने घोड्याचे वळण पाहिले.

पेशवाईत गनिमी काव्यावरून खरा वादही झाला. पानिपतच्या मोहिमेत तोफखाना आणि गारद्यांच्या जोरावर गोल बांधून लढावे, की बाजारबुणगे मागे ठेवून जुन्या गनिमी पद्धतीने लढावे, हा सदाशिवरावभाऊ आणि मल्हारराव होळकर यांच्यातला मतभेद बखरींनी रंगवून सांगितला आहे. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवानंतर 'गनिमी कावा' या शब्दाला हळहळीची एक किनार लागली. आपण सोडून दिलेली आपली रीत, असा अर्थ त्यात मिसळला.

साहित्य कोणत्या क्षणी मान झुकवते

आता साहित्याकडे. इथे मला एक गोष्ट फार बोलकी वाटते. गनिमी काव्यावर आपला एवढा जीव, पण मराठी पोवाड्याने आणि कवितेने सर्वांत उंच सूर लावला तो कावा संपल्यानंतरच्या क्षणाला.

पन्हाळ्याचा वेढा घ्या. शिवा काशिदने महाराजांचा वेष घेऊन शत्रूला चकवले. हा अस्सल कावा होता, आणि त्याने त्याची किंमत प्राण देऊन चुकवली. पण कवितेची आणि पोवाड्याची मध्यवर्ती प्रतिमा झाली ती १३ जुलै १६६० ची खिंड, जिथे लपायला जागा उरली नाही आणि बाजीप्रभू उभे राहिले. सिंहगड घ्या. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, कडा चढून केलेला छापा. शाहीर तुळसीदासाच्या पोवाड्यापासून हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या १९०३ च्या कादंबरीपर्यंत कथेचा कळस कडा चढण्यात नाही. तो तानाजी आणि उदेभानाच्या समोरासमोरच्या झुंजीत आहे. आणि नेसरी. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर भर दिवसा चालून गेले. युद्धशास्त्राच्या हिशेबात ही गनिमी काव्याच्या अगदी विरुद्ध कृती. तरी कुसुमाग्रजांच्या शब्दांतून तीच मराठी घराघरांत पोचली.

याचा अर्थ मराठी मनाला कावा कमी वाटतो असा नाही. काव्याला आपण डोक्याने मान देतो. मान झुकते ती मात्र तेव्हा, जेव्हा चकवणारा स्वतः उघड्यावर येतो आणि समोरच्याइतकाच धोका पत्करतो. तुकोबांच्या गाथेतले पाइकाचे अभंग याच दृष्टीने वाचावेत. स्वतःला राखणारा, समोरच्याला चकवणारा, वाटा ठाऊक असलेला असा खरा मावळी शिपाई त्यांत दिसतो. पण तुकोबा त्याला अखेर स्वामीसाठी जीव देणाऱ्या निष्ठेच्या कसोटीवर उभे करतात. चातुर्य तिथे निष्ठेच्या सेवेला लागते.

बखरींत छाप्याचे आणखी एक रूप आहे, धाकाचे. संताजी घोरपड्यांनी थेट औरंगजेबाच्या छावणीत शिरून तंबूचे सोन्याचे कळस कापून आणले, ही कथा. मोगलांचे घोडे पाणी पिईनात, तेव्हा पाण्यात धनाजी दिसतो का असे विचारत, ही दुसरी. घोडा पाण्यात वाकतो, बिचकतो आणि मान वर करतो. हल्ला झालेलाच नाही. तो होईल या भीतीने एक मुके जनावर तहानलेले राहते. अवचित हल्ल्याचे खरे हत्यार तलवार नसून जागरण आहे, हे या एका चित्राने सांगितले.

अंगाईतले बर्गी

तेच जागरण बंगालमध्ये आपल्या फौजांनी दिले. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून १७५१ पर्यंत बंगालवर वारंवार चालून गेल्या. पहिल्या स्वारीचे नेतृत्व भास्करपंत कोल्हटकरांचे. १७४४ मध्ये अलिवर्दीखानाने त्यांना भेटीला बोलावून मारले, हाही एक कावाच. या स्वाऱ्यांच्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याचे नाव 'मराठा डिच'. गंगाराम या कवीने 'महाराष्ट्र पुराण' नावाचे बंगाली काव्य रचले. नाव पुराणाचे, आत गावे सोडून पळणाऱ्या माणसांची वर्णने.

बंगालीत या स्वारांना 'बर्गी' म्हणतात. आपल्याकडचा 'बारगीर', म्हणजे सरकारी घोड्यावर नोकरी करणारा स्वार, तिथे पोचेपर्यंत लुटारू झाला. आजही बंगाली आई मुलाला झोपवताना जी अंगाई म्हणते तिच्यात बाळ झोपी जाते, आळी शांत होते आणि देशात बर्गी येतात. बुलबुलांनी धान खाल्ले, आता सारा कशातून भरायचा, अशी चिंता पुढे येते. पावणेतीनशे वर्षे झाली, फौजा गेल्या, नवाब गेले, कंपनी सरकार गेले. मुलांना झोपवणाऱ्या गाण्यात आपण अजून घोड्यावर बसून आहोत.

मराठी वाचकाला हे ऐकणे सोपे नाही. मलाही नव्हते. आपल्या शब्दकोशात 'बारगीर' हा लष्करी नोकरीतला एक साधा दर्जा आहे. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ दुसऱ्या भाषेतल्या आयांनी जपून ठेवला. दोन कोश शेजारी ठेवले तरच शब्द पुरा कळतो. आपल्या आजीच्या तोंडची 'धाड' आणि बंगाली आईच्या अंगाईतले 'बर्गी' या एकाच अनुभवाच्या दोन बाजू आहेत. कधी आपल्या घरावर, कधी आपल्या हातून.

दरोडा की छापा?

इंग्रजी अमलात प्रश्न वेगळ्या रूपाने आला. १८६० च्या भारतीय दंड संहितेने दरोड्याची व्याख्या केली. पाच किंवा अधिक माणसांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. आकड्याने शब्द बांधला गेला. १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडके यांनी शिरूरजवळच्या धामारीवर धाड घातली. दुष्काळाने पिचलेल्या मुलखात त्यांना उठावासाठी पैसा उभा करायचा होता. सरकारच्या कागदात ते दरोडेखोर, लोकांच्या तोंडी आद्य क्रांतिकारक. कृती एक, तिचे नाव कोणी ठेवायचे हाच झगडा.

७ जून १९४३ रोजी सातारा जिल्ह्यात शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली. कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, या कारवाईचे नेते. म्हातारपणीही 'गाडी लुटली' असे कोणी म्हटले की ते हरकत घेत. ब्रिटिशांनी या देशातून चोरलेला पैसा आम्ही परत आणला, अशी त्यांची धारणा होती. नव्वदी ओलांडलेला माणूस एका क्रियापदासाठी अडून बसतो, कारण त्या क्रियापदावर त्याच्या साऱ्या तारुण्याचा अर्थ ठरतो.

पण नाव ठेवण्याचा हा हक्क सगळ्यांना मिळाला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पोलिसांच्या मनातला पुढे कित्येक वर्षे राहिला. अशाच एका जमातीतल्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ मध्ये आले, तेव्हा मराठी साहित्यात छाप्याची दिशाच फिरली. वाचक आता झोपडीच्या आत होता. पोलीस दारात, घरातली भांडी उपसली जात आहेत, बायकामुलांना मार बसतो आहे. ज्यांच्या नावावर 'गुन्हेगार' हा शब्द कायद्याने कोरला होता, त्यांनी आपल्या घरावर पडणाऱ्या धाडीचे वर्णन स्वतः केले. बखरीपासून कादंबरीपर्यंत मराठी गद्य छापा घालणाऱ्याबरोबर भिंत ओलांडत आले होते. या पुस्तकाने ते भिंतीच्या अलीकडे आणले. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही मला विसाव्या शतकातली सर्वांत मोठी घटना वाटते.

आजचा सरकारी 'छापा' यापुढे सौम्य आहे, तरी त्याचीही शब्दाच्या बाजूने नोंद घेतली पाहिजे. आयकर कायदा झडती आणि जप्तीबद्दल बोलतो. 'छापा' हा शब्द बातमीदारांचा आणि लोकांचा. कायद्याच्या भाषेत ती एक तपास प्रक्रिया आहे, गुन्ह्याचा निकाल नाही. लोकभाषेत मात्र छापा पडला म्हणजे माणूस दोषी, असे शब्दच सांगून टाकतो. शाईचा ठसा उठला की पुसत नाही, तसा हाही.

सौप्तिक

झोपलेल्यांवरच्या हल्ल्याला संस्कृतात स्वतंत्र नाव आहे, 'सौप्तिक'. सुप्त म्हणजे झोपलेला, त्यावरून. शबखूनमध्ये रात्र आहे, छाप्यात ठसा आहे, 'कावा'त घोडा आहे. सौप्तिकात मात्र नाव हल्लेखोरावरून पडलेले नाही, त्याच्या हत्यारावरून नाही, वेळेवरूनही नाही. ते झोपलेल्या माणसावरून पडले आहे. आतापर्यंत पाहिलेल्या शब्दांत मला हा सर्वांत प्रामाणिक वाटतो.

कौटिल्याला या गोष्टीचा संकोच नव्हता. त्याच्या अर्थशास्त्रात उघड युद्धाबरोबर कूटयुद्ध आणि तूष्णींयुद्ध यांनाही जागा आहे. रात्रीच्या हल्ल्याच्या भीतीने शत्रूला जागे ठेवावे आणि दिवसा तो पेंगला की गाठावे, असा व्यवहारी सल्ला तो देतो. भातवडीला मलिक अंबराने जे केले ते या सल्ल्यापासून फार दूर नव्हते.

महाभारताने मात्र तोच प्रसंग घेऊन त्याचे पर्व केले. दुर्योधन मांड्या मोडून पडला आहे. अश्वत्थामा, कृप आणि कृतवर्मा वडाखाली रात्र काढत आहेत. अश्वत्थाम्याला झोप नाही. वर फांद्यांवर कावळे झोपलेले. एक घुबड येते, हळूच, आणि झोपलेल्या कावळ्यांना एकेक करून मारते. अश्वत्थामा ते पाहतो आणि त्याला युक्ती सुचते. कृप त्याला परोपरीने सांगतो की झोपलेल्यांना मारणे हा धर्म नाही. तो ऐकत नाही. पांडवांच्या शिबिरात शिरून तो धृष्टद्युम्नाला मारतो. शस्त्राने मार, ही त्याची शेवटची विनवणीही मानत नाही. मग द्रौपदीचे पाच मुलगे, मग शिखंडी. दारावर कृप आणि कृतवर्मा उभे, पळणाऱ्यांसाठी. ज्याने नको म्हटले तोच दार अडवून उभा आहे, इतके ते चित्र कठोर आहे. आणि पाचही पांडव त्या रात्री शिबिरात नव्हते. छापा यशस्वी झाला आणि ज्यांच्यासाठी घातला ते सापडलेच नाहीत.

व्यासांनी घुबडाला दोष दिला नाही. घुबडाचा तो आहार आहे. माणसाने घुबडाकडून काय शिकावे हा प्रश्न त्यांनी आपल्यापुढे ठेवला, आणि पुढचेच पर्व स्त्रियांच्या शोकाला दिले.

महाराष्ट्रात या कथेचा शेवट अजून चालू आहे. नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या बाजूला, सातपुड्यात अस्तंभा नावाचा उंच डोंगर आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, हजारो माणसे रात्रीचा डोंगर चढून अश्वत्थाम्याच्या दर्शनाला जातात. त्यांत आदिवासी भाविक मोठ्या संख्येने असतात. कपाळावरचा मणी काढून घेतल्यापासूनची जखम घेऊन तो या रानात भटकतो आणि भेटेल त्याच्याकडे तेल मागतो, अशी इथली श्रद्धा. वाट चुकलेल्याला तो वाट दाखवतो, असेही सांगतात.

हे भाविक त्याचा गुन्हा विसरले आहेत असे मला वाटत नाही. जखम भरत नाही, हे त्यांच्याच कथेत आहे. झोपलेल्यांवर चालून गेलेल्या माणसाला त्यांनी झोप दिलेली नाही. पण तेल द्यायला ते काळोखात डोंगर चढतात, एकमेकांना हाका मारत, आपण येत आहोत हे त्याला ऐकू जाईल अशा आवाजात.